पेअर प्रोग्रामिंग

एका संगणकावर, एकाच कामाला दोन प्रोग्रामरांनी मिळून बसण्याची पद्धत. ज्याच्या हाती कीबोर्ड तो ड्रायव्हर. शेजारी बसून पुढची पायरी आणि सुटलेल्या शक्यता पाहणारा तो नॅव्हिगेटर. अजाइल (छोट्या टप्प्यांत, सतत सुधारत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या) संघांत ती चुका लवकर सापडाव्यात आणि कोडची माहिती एकाच माणसापाशी अडकू नये, अशा दोन्ही हेतूंनी वापरतात.

उगमाबद्दल एकमत नाही. क्रायस्लर कंपनीच्या पगारप्रणालीवर (सी-३ प्रकल्प) १९९६ च्या सुमारास केंट बेक यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या अजाइल पद्धतीला बहुधा श्रेय दिले जाते. पण फ्रेड ब्रुक्स यांनी १९५० च्या दशकात विद्यार्थी असताना सहकाऱ्याबरोबर असे काम केले होते; लॅरी कॉन्स्टंटाइन यांनी १९८० च्या दशकात व्हाइटस्मिथ्स कंपनीत अशा जोड्या पाहिल्या; जेम्स कोप्लिन यांच्या १९९५ मधील लेखनातही ती येते. पद्धत जुनी, एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगने तिचा रोजचा नियम केला, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

यूटा विद्यापीठातील १९९९ च्या प्रयोगात जोड्यांना मिळून सुमारे १५ टक्के जास्त मनुष्यतास लागले, मात्र चुका कमी निघाल्या. हे प्रोग्रामर विद्यार्थी होते, हे विसरू नये.

ड्रायव्हर-नॅव्हिगेटरची अदलाबदल साधारण १५ ते ३० मिनिटांनी होते. ‘पिंगपाँग’ प्रकारात एकजण कोड तपासणारी, पण तो कोडच अजून नसल्याने नापास होणारी चाचणी लिहितो. दुसरा ती पास होण्यापुरता कोड लिहून पुढची नापास चाचणी त्याच्याकडे सरकवतो. जोडी महिनाभर तीच राहिली तर एका माहीतगाराचे दोन होतात, इतकेच. म्हणून एक-दोन दिवसांनी, काम अर्धवट असतानाच, एकाने त्याच कामावर राहायचे व दुसऱ्याने उठून नव्या जोडीदाराला जागा द्यायची अशी पाळी लावतात.

नेहमीची अडचण म्हणजे अनुभवी माणूस कीबोर्ड सोडत नाही आणि नवखा मान डोलावत बसतो. अशा वेळी कीबोर्ड कमी माहिती असलेल्याकडे द्यावा. मग जाणत्याला प्रत्येक पाऊल बोलून दाखवावे लागते आणि ‘ही फाइल इथून हलवू नकोस, रात्री आपोआप चालणारा जॉब तिचीच वाट पाहतो’ अशी कुठेही न लिहिलेली माहिती बाहेर पडते. नोटीस पिरियडमधल्या ‘केटी’त (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे जाणाऱ्याने माहिती सोपवणे) ती सहसा येत नाही, सांगणाऱ्याला त्या क्षणी आठवेल तेवढेच तिथे सांगितले जाते.

कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये कमिटचा (नोंदलेल्या बदलाचा) लेखक म्हणून एकाचेच नाव पडते. संदेशाच्या शेवटी ‘को-ऑथर्ड-बाय’ या ओळीत जोडीदाराचे नाव व ईमेल घातले की गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर दोघेही दिसतात, आणि वर्षभराने त्या कोडबद्दल विचारायला दोन माणसे सापडतात.