गुदद्वाराच्या जन्मदोषावरील शस्त्रक्रिया आणि बॉवेल मॅनेजमेंट: रेफरल अर्ज, पात्रता, कागदपत्रे

साधारण 5000 बाळांमागे एक बाळ गुदद्वाराशिवाय किंवा भलत्याच जागी उघडणाऱ्या गुदद्वारासह जन्माला येतं. अशा मुलाची फाइल बालशल्यविभागाकडे सहसा दोनदा जाते. एकदा मुख्य शस्त्रक्रियेसाठी, म्हणजे योग्य जागी गुदद्वार तयार करण्यासाठी, आणि काहींची पुन्हा तिसऱ्या वर्षानंतर, शीवर ताबा येत नाही म्हणून बॉवेल मॅनेजमेंटसाठी, म्हणजे एनिमा किंवा रेचकाने पोट ठरल्या वेळी साफ करायला शिकण्यासाठी. दोन्ही वेळची पात्रता वेगळी आणि कागदही वेगळे.

आधी अपवाद. नवजात बाळासाठी अर्ज करत बसू नये. जन्मानंतर 20-24 तासांत मेकोनियम (बाळाची पहिली काळपट शी) कुठून येतं, यावर पुढचा निर्णय ठरतो. लघवीतून आलं तर बहुधा आधी कोलोस्टॉमी, म्हणजे मोठं आतडं पोटावर उघडून शीला वाट देणं. पेरिनियमवर (जननेंद्रिय आणि गुदद्वाराच्या जागेमधल्या त्वचेवर) बारीक छिद्रातून आलं तर बऱ्याचदा थेट दुरुस्ती. तोंडातून पोटात नळी घालून, सलाइन लावून, ऊबदार ठेवून बाळ पाठवावं. सोबत एका पानाची चिठ्ठी पुरते: जन्मवेळ, वजन, मेकोनियम आणि लघवी कधी व कुठून झाली, व्हिटॅमिन के दिलं का.

मुख्य शस्त्रक्रियेसाठी कोण पात्र

कोलोस्टॉमी नीट चालतेय, वजन वाढतंय, हृदय आणि मूत्रपिंडं तपासून झाली आहेत, असं मूल. वय एक ते तीन महिने असलं तरी चालतं. वाट पाहिल्याने फायदा होत नाही. वजन अडलं असेल तर अर्ज पुढे ढकलला जातो आणि कारण शोधलं जातं: हृदयदोष, वारंवार लघवीचा संसर्ग, दोन स्टोमा (पोटावर उघडलेली आतड्याची तोंडं) जवळजवळ असल्याने खालच्या आतड्यात जाणारी शी. क्लोआका (लघवी, योनी आणि शी यांचे मार्ग एकाच छिद्रात उघडणं) असलेल्या मुलींचा अर्ज स्वतंत्र होतो, कारण योनिमार्गात साचलेलं द्रव मूत्रमार्गावर दाब देत असेल तर ते आधी बाहेर काढावं लागतं.

कागदपत्रं

सर्वांत जास्त घोळ नावाचा होतो. पहिल्या आठवड्यातले सगळे रिपोर्ट आईच्या नावावर, ‘बेबी ऑफ’ असे असतात; नामकरणानंतरचे मुलाच्या नावावर. दोन्ही नावं, जन्मतारीख आणि जुना-नवा नोंदणी क्रमांक एका कागदावर लिहून पहिल्या पानाला जोडा. जन्मनोंद, पालकांचं ओळखपत्र, लसीकरण कार्ड आणि मूल आईवडिलांकडे नसेल तर ताब्याचा अधिकृत कागद, हे नेहमीचंच.

डिस्चार्ज कार्ड म्हणजे ऑपरेशन नोट नव्हे. कार्डावर ‘कोलोस्टॉमी केली’ एवढंच असतं. सर्जनला हवं असतं ते असं: आतड्याचा कोणता भाग बाहेर काढला, लूप (न तोडता वळवून बाहेर आणलेलं आतडं) आहे की दोन तोंडं वेगळी केली, स्टोमाच्या खाली किती आतडं उरलंय. सिग्मॉइडमध्ये (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणात) फार खाली स्टोमा केलेला असेल तर खाली ओढून आणायला आतडं पुरत नाही. हे टेबलावर कळण्यापेक्षा कागदावर कळलेलं बरं. म्हणून पूर्ण नोट मागून घ्या.

इमेजिंगमध्ये रिपोर्टसोबत मूळ फिल्म किंवा सीडी हवीच. त्रिकास्थीचे (कण्याच्या तळाच्या हाडाचे) समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे, त्यावरून सॅक्रल रेशो, म्हणजे हे हाड किती वाढलंय याचं प्रमाण, मोजतात: 0.7 च्या वर असेल तर ताबा येण्याची आशा चांगली, 0.4 च्या खाली असेल तर कमी. मूत्रपिंडांची सोनोग्राफी, इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि मज्जारज्जू अडकलेला नाही ना यासाठी पाठीची सोनोग्राफी. ही सोनोग्राफी पहिल्या तीन महिन्यांतच नीट दिसते. पुढे एमआरआय करावा लागतो.

ज्या एका तपासणीवर फाइल अडते

ती म्हणजे प्रेशर कोलोस्टोग्राम, स्टोमाखालच्या आतड्याचा दाब देऊन काढलेला एक्स-रे. खालच्या स्टोमात फोली कॅथेटर (टोकाशी फुगा असलेली नळी) घालून फुगा 2-3 मिली भरतात, तो मागे ओढून तोंड बंद करतात आणि पाण्यात विरघळणारा कॉन्ट्रास्ट (एक्स-रेवर दिसणारं द्रव) हाताच्या बेताच्या दाबाने सोडतात. बेरियम नको. गुदद्वाराच्या जागी त्वचेवर खूण चिकटवलेली असावी आणि मूल कुशीवर असावं.

दाब दिला नाही तर काय होतं? ओटीपोटातले स्नायू रेक्टमचा (गुदाशयाचा) खालचा भाग मिटवून धरतात. कॉन्ट्रास्ट वरच अडतो, टोक सपाट दिसतं आणि रिपोर्ट येतो ‘हाय, फिस्टुला नाही’, म्हणजे आतड्याचं टोक उंचावर आणि मूत्रमार्गाशी जोड नाही. त्यावर विसंबलं तर विनाकारण पोट उघडलं जातं. उलट, कोलोस्टोग्रामच नसताना खालून रेक्टम शोधत गेलं तर मूत्रमार्गाला इजा होऊ शकते. म्हणून मूत्रमार्गात उतरणारा कॉन्ट्रास्ट दिसत नसेल तर बरीच युनिट्स तपासणी पुन्हा मागतात. पालकांना तो छळ वाटतो. तरी करून घ्यावी.

संमतीपत्रात पुल-थ्रूसोबत (आतडं खाली ओढून गुदद्वाराच्या जागी जोडण्यासोबत) लॅपरोस्कोपी (दुर्बिणीतून ऑपरेशन) किंवा पोट उघडण्याची शक्यता स्वतंत्र लिहिलेली आहे का, ते पाहा. मूत्रमार्गात फिस्टुला असलेल्या मुलग्यांत कॅथेटर साधारण 7 दिवस राहतो. तो निसटला तर वॉर्डात कुणी परत घालायचा नाही. आधी सर्जनला कळवायचं.

कोलोस्टॉमी बंद करण्याआधी

मुख्य शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी डायलेशन (नव्या गुदद्वारात सळई घालून ते रुंद ठेवणं) सुरू होतं, दिवसातून दोनदा, दर आठवड्याला एक नंबर वर. हेगारचं (या सळईचं, जिच्या जाडीला नंबर असतो) लक्ष्य वयावर ठरतं: 1 ते 4 महिन्यांना 12, 1 ते 3 वर्षांना 15. तो नंबर सहज गेला की मूल कोलोस्टॉमी बंद करण्याला पात्र. काही केंद्रं आता सर्वांनाच डायलेशन देत नाहीत. तसं असेल तर सर्जनची तपासणी-नोंद जोडावी. वहीत तारीख आणि नंबर लिहा. ‘रक्त येतं म्हणून चार दिवस केलं नाही’ हेही लिहा, कारण त्याच चार दिवसांत जागा आवळते.

बॉवेल मॅनेजमेंटसाठी अर्ज

वय सुमारे 3 वर्षं पूर्ण, स्टोमा बंद झालेला, आणि कपड्यात शी होतेय. हर्शस्प्रुंग (आतड्याच्या काही भागात जन्मतः चेतापेशी नसणं) आणि स्पायना बायफिडाची (कण्याचा जन्मदोष) मुलंही यात येतात. आधी ठरवायचं ते हे: ताबाच नाही, की साचलेली शी वरून ओघळतेय? दुसऱ्या प्रकारात एनिमाऐवजी योग्य मात्रेतलं रेचक पुरू शकतं. म्हणून कॉन्ट्रास्ट एनिमाचा एक्स-रे लागतो, तोही पोट साफ न करता. पोट साफ करून काढलेली फिल्म या कामाला निरुपयोगी.

सोबत 14 दिवसांची नोंदवही. ‘रोज एनिमा देतो’ यातून काही कळत नाही. नोंद अशी हवी: ‘संध्याकाळी 7, सलाइन 300 मिली, 8 मिनिटांत सोडलं, 40 मिनिटं बसला, दुसऱ्या दिवशी दुपारी 3 ला चड्डीत डाग.’ प्रमाण साधारण किलोमागे 20 मिली, म्हणजे 15 किलोच्या मुलाला 300. एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ. साधं पाणी वापरू नये, रक्तातलं सोडियम उतरतं. फॉस्फेट एनिमा दिला असेल तर ठळक लिहा. लहान मुलांत, विशेषतः मूत्रपिंड अशक्त असताना, फॉस्फेट चढून कॅल्शियम घसरतं. अलीकडचा क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) जोडा.

प्रोग्राम आठवड्याभराचा असतो. रोज एनिमा, रोज पोटाची फिल्म, रोज बदललेली मात्रा. आठवडाभर कुणी तरी एकच मोठं माणूस मुलासोबत राहील, असं अर्जात लिहून द्यावं लागतं. रोज वेगळं माणूस आलं की हिशेब विस्कटतो.

खालून दिलेल्या एनिमाने 24 तास कपडे कोरडे राहू लागले, की पुढे मेलोन पद्धतीचा अर्ज करता येतो, म्हणजे बेंबीशी उघडलेल्या अपेंडिक्समधून वरून एनिमा. खालून जमलं नाही तर वरूनही क्वचितच जमतं, म्हणून ही अट. त्यासाठी आधीच्या प्रत्येक ऑपरेशन नोटमध्ये अपेंडिक्स काढलं की ठेवलं, हे शोधून पेन्सिलने खूण करून ठेवा.