प्रश्न विद्यापीठाचा, पैसा कुणाचा?

क्लेअर पॅटरसन पृथ्वीचं वय मोजत होते. उल्कापाषाणातल्या शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून) ते सुमारे 4.55 अब्ज वर्षं असल्याचं त्यांनी 1956 मध्ये प्रसिद्ध केलं. तो आकडा आजही जवळपास तसाच टिकून आहे. पण मोजताना एक अडचण सतत आडवी येई. प्रयोगशाळेतली हवा, धूळ, भांडी, माणसाची कातडी, जिथे तिथे शिसं. एवढं शिसं आलं कुठून, याचा माग काढत कॅलटेकचे हे संशोधक समुद्राच्या पाण्यापर्यंत आणि ध्रुवीय बर्फापर्यंत पोचले. खोल पाण्यापेक्षा पृष्ठभागाजवळ शिसं कितीतरी जास्त निघालं. म्हणजे ते अलीकडे, वरून पडत होतं. मोठा संशयित होता पेट्रोल: इंजिनाचे ठोके कमी व्हावेत म्हणून 1920 च्या दशकापासून त्यात शिशाचं संयुग मिसळलं जात होतं.

औद्योगिक देशांतल्या माणसाच्या शरीरात नैसर्गिक पातळीच्या अनेक पटींनी शिसं साठतंय, असं पॅटरसन यांनी 1965 मध्ये जाहीरपणे मांडलं. त्यानंतर पेट्रोलियम उद्योगाच्या संघटनेकडून येणारा निधी आटला. अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेनं करार पुढे चालू ठेवला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं हवेतल्या शिशावर समिती नेमली, तिचा अहवाल 1971 मध्ये आला. या विषयातल्या सर्वांत जाणत्या माणसाला त्या समितीत जागा नव्हती.

दुसऱ्या बाजूला उभे होते रॉबर्ट केहो. तेही विद्यापीठातलेच, सिनसिनाटीचे. त्यांची प्रयोगशाळा चालत होती ती शिसेयुक्त पेट्रोलशी हितसंबंध असलेल्या कंपन्यांच्या पैशावर. शिसं सगळ्यांच्याच शरीरात सापडतं, म्हणजे ते नैसर्गिक आहे, आणि 100 मिलिलिटर रक्तात 80 मायक्रोग्रॅमपर्यंत धोका नाही, असं त्यांचं म्हणणं. तुलनेसाठी त्यांनी मेक्सिकोतल्या एका दूरच्या गावातली माणसं निवडली होती. मोटारींपासून लांब, हे खरं. पण त्या गावात जेवण व्हायचं शिशाचा मुलामा दिलेल्या मातीच्या भांड्यांत!

केहो प्रामाणिक होते की नव्हते, यापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त गंभीर वाटते. तब्बल चार दशकं सरकारला या विषयावर विचारायला जवळजवळ हीच एक प्रयोगशाळा होती. उलट तपासणी करायला दुसऱ्या कुणाकडे आकडेच नव्हते. धोरण एकाच झऱ्याचं पाणी पीत राहिलं. पॅटरसन यांच्यासमोर एक दार बंद झालं तरी पैशाची दुसरी दारं उघडी होती, म्हणून काम चालू राहिलं. पुढे पेट्रोलमधलं शिसं टप्प्याटप्प्यानं कमी झालं, आणि 1976 ते 1980 या चारच वर्षांत अमेरिकनांच्या रक्तातलं सरासरी शिसं सुमारे 37 टक्क्यांनी उतरलं. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, हे आज सर्वमान्य आहे.

ही दुसरी दारं आपोआप तयार होत नाहीत. ती राजकारणातूनच येतात. 1945 मध्ये सरकारच्या युद्धकाळातल्या संशोधनाचे प्रमुख व्हॅनेव्हर बुश यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना अहवाल दिला: मूलभूत संशोधनाला सरकारनं पैसा द्यावा, पण काय संशोधायचं ते शास्त्रज्ञांनी ठरवावं. सिनेटर हार्ली किलगोर यांचा आक्षेप होता की जनतेचा पैसा असेल तर जनतेला जाब विचारता आला पाहिजे. भांडण पाच वर्षं चाललं. असा पैसा वाटणाऱ्या नव्या संस्थेच्या संचालकाची नेमणूक राष्ट्राध्यक्षाच्या हाती नाही, म्हणून राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी 1947 चं विधेयक नाकारलं. शेवटी 1950 मध्ये राष्ट्रीय विज्ञान फाउंडेशन उभं राहिलं: संचालक राष्ट्राध्यक्ष नेमणार, एकूण रक्कम अमेरिकी संसद, म्हणजे काँग्रेस ठरवणार, पण कोणत्या प्रस्तावाला पैसे मिळावेत याची पारख त्याच विषयातले तज्ज्ञ करणार. मला दोन्ही बाजू रास्त वाटतात, आणि ती तडजोड दोघांच्याही मूळ मागणीपेक्षा चांगली होती.

काही निर्णय राजकारणानंच घ्यायला हवेत. विद्यापीठात किती जागा, फी किती, खर्च कुणावर टाकायचा, हे समाजाचे निर्णय आहेत. प्राध्यापकांच्या सभेत ते सुटू नयेत. तिथेही विद्यापीठ उपयोगी पडतंच. ऑस्ट्रेलियानं 1974 मध्ये काढून टाकलेली फी 1989 मध्ये परत आणली, पण वेगळ्या रीतीनं: विद्यार्थ्यानं प्रवेशाच्या वेळी काही भरायची सक्ती नाही, पुढे उत्पन्न ठरावीक मर्यादा ओलांडेल तेव्हाच करासोबत परतफेड. नोकरी गेली, पगार घटला, की हप्ता थांबतो. या रचनेत तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ ब्रूस चॅपमन यांचा मोठा वाटा होता. मर्यादा कुठे असावी यावर तिथे अजूनही वाद होतात, आणि ते व्हावेतच.

पण उत्तरही सत्तेनंच ठरवायचं म्हटलं, की काय होतं ते सोव्हिएत संघानं पाहिलं. ऑगस्ट 1948 मध्ये कृषी विज्ञान अकादमीच्या अधिवेशनात, आनुवंशिकी (गुण पिढ्यांतून कसे उतरतात याचं शास्त्र) नाकारणारे कृषिशास्त्रज्ञ त्रोफिम लिसेंको यांनी सांगितलं की त्यांचं भाषण पक्षाच्या केंद्रीय समितीनं वाचून मंजूर केलं आहे. वाद तिथेच संपला. आनुवंशिकीचे प्राध्यापक कामावरून गेले, अभ्यासक्रम बंद झाले, पुस्तकं मागे घेतली गेली. लिसेंको यांना आनुवंशिकी संस्थेच्या संचालकपदावरून 1965 मध्ये हटवण्यात आलं. डीएनएची रचना उलगडली 1953 मध्ये, म्हणजे बरोबर या मधल्या काळात. आणि बंदी उठल्यावर हा विषय वर्गात पुन्हा शिकवायचा, तर जीवशास्त्राच्या कितीतरी शिक्षकांना आधी तो स्वतः शिकावा लागला.