कऱ्हा नदी

पुणे जिल्ह्यातील नीरेची एक उपनदी. पुरंदर तालुक्यात गराड्याजवळच्या डोंगरात उगम पावून ती सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती अशी पूर्व-आग्नेयेकडे वाहते आणि सोनगावला नीरेत मिसळते. नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेस मिळते.

‘कऱ्हा’ म्हणजे पाण्याचे लहान भांडे, कमंडलू. लग्नात करवलीच्या हाती असतो तोच हा कऱ्हा. गराड्याजवळच्या चतुर्मुख डोंगरावर ब्रह्मदेव तपाला बसले असताना पांडवांनी त्यांचा कमंडलू लवंडला आणि त्या पाण्याची नदी झाली, असे या भागात सांगतात. संस्कृत ‘करक’ शब्दाचाही अर्थ कमंडलूच, त्यामुळे कथा नावाला चपखल बसते; पण कथेवरून नाव पडले की नावावरून कथा रचली गेली, हे ठरवता येत नाही. दुसरी शक्यता अधिक वाटते.

नदीचे नाव काठच्या गावांनीही घेतले: कऱ्हाटी, कऱ्हावागज. वरच्या खोऱ्याला कऱ्हेपठार म्हणतात. जेजुरीच्या डोंगरावरील खंडोबाचे जुने ठाणे कडेपठार. ते निराळे, पण उच्चाराच्या जवळिकीमुळे दोन्हींची गल्लत नेहमी होते. सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड कृष्णाकाठचे, त्याचा या नदीशी संबंध नाही. आचार्य अत्रे सासवडजवळच्या कोढीतचे. त्यांनी आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ हेच नाव दिले.

सासवडला कऱ्हा आणि चांबळीच्या संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे. मोरगावचा मयूरेश्वर याच नदीकाठचा, आणि कवी मोरोपंतांचे वास्तव्य बारामतीला होते. सोमवती अमावास्येला जेजुरीच्या खंडोबाची पालखी स्नानासाठी कऱ्हेवर येते. पात्र कोरडे असले तरी हा सोहळा चुकत नाही.

आणि पात्र बरेचदा कोरडेच असते. खोरे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणून नदी पावसाळ्यापुरती वाहती. गराडे आणि जेजुरीजवळचे नाझरे (मल्हारसागर) ही धरणे तिच्यावर आहेत. पाऊस हुकला की नाझरे तळ गाठते. बाजरी, अंजीर आणि सीताफळ ही वरच्या पट्ट्याची पिके, तर बारामतीच्या बाजूला नीरा डाव्या कालव्यामुळे ऊस दिसतो. तो कऱ्हेच्या पाण्यावर वाढलेला नव्हे. याच नदीला सप्टेंबर 2019 मध्ये मोठा पूर आला, नाझऱ्यातून पाणी सोडावे लागले आणि बारामतीपर्यंतच्या काठच्या वस्त्यांतील हजारो लोकांना रातोरात हलवावे लागले.