दाणा बसला की पाक बिघडला?

सोलापुरात विहीर खणायला घ्या. काळी माती संपली की मुरूम, आणि मुरुमाखाली काळा कातळ. हा बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून आलेला लाव्हा थरांवर थर देत पसरला आणि गोठला, त्यातलाच. त्यात सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग, जेमतेम ५० टक्के आणि वर येताना तापमान ११०० अंशांच्या पुढे; म्हणून रस पातळ, दूरवर वाहत जाणारा.

याच भावकीतला एक हट्टी माणूस म्हणजे रायोलाइट. सिलिका ७० टक्क्यांच्या वर, तापमान ७०० ते ८५० अंश. सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू एकमेकांचे हात धरून साखळ्या करतात, त्यामुळे हा रस बेसाल्टपेक्षा लाखो पटींनी घट्ट. आपल्या दख्खनच्या पठारात तो फार थोडा. मुंबईच्या किनाऱ्यालगत आणि गुजरातेत पावागडावर सापडतो.

शाळेच्या पुस्तकात ज्वालामुखीच्या पोटात लाल रसाने भरलेली टाकी काढलेली असते. रायोलाइटच्या बाबतीत ते चित्र बहुतेक वेळ खोटं असतं. खरं चित्र मला साखर कारखान्यात दिसलं.

माझे मामा आपल्या जिल्ह्यातल्या एका कारखान्यात पॅनमन होते. पॅन म्हणजे पाक आटवायचं भलंमोठं बंद भांडं. मामा त्यातून थोडा नमुना काढायचे, काचेच्या पट्टीवर पसरायचे आणि दिव्यासमोर धरून डोळे बारीक करायचे. ‘दाणा बसला’, एवढंच म्हणायचे. दाणा वाढतो तो पाकातली साखर ओढून घेत. जे दाण्याला नको ते मागे राहतं. शेवटी उरते ती काळी, चिकट मळी.

जमिनीखाली ५ ते १० किलोमीटरवर हेच चालतं, फक्त फार सावकाश. शिलारस थंड होताना आधी लोह-मॅग्नेशियमची खनिजं आणि कॅल्शियमवालं फेल्डस्पार यांचे स्फटिक बसतात. त्यांना सिलिका तुलनेने कमी लागते, म्हणून उरलेल्या रसात ती वाढत जाते. रायोलाइट तयार होण्याची ही एक मोठी वाट. जुनं भूकवच वितळूनही तो होतो.

स्फटिक निम्म्याच्या आसपास पोहोचले की ते एकमेकांत अडकतात. पॅन घट्ट झाला की पाक हलत नाही, तसं. असा दाणेदार लगदा उद्रेकात वर येऊ शकत नाही, आणि आयुष्याचा बहुतेक काळ तो असाच पडून असतो. अमेरिकेतल्या यलोस्टोन ज्वालामुखीखाली, भूकंपलहरींवरून २०२२ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, वितळलेला भाग १६ ते २० टक्केच आहे. बाकी स्फटिक.

मग उद्रेक होतो कसा? कारखान्यात दाणा आणि मळी वेगळी करायला सेंट्रिफ्युगल मशीन असतं. पृथ्वीकडे वजन आणि वेळ. दाणे खाली दाबत बसतात, मधला रस पिळून वर झिरपतो आणि हजारो वर्षांत लगद्याच्या डोक्यावर जवळजवळ निव्वळ रसाचा थर साचतो. कधी खालून गरम बेसाल्ट घुसतो आणि लगदा पुन्हा सैल करतो. फिलिपिन्समधला पिनातुबो सुमारे ५०० वर्षं गप्प होता. १९९१ मध्ये त्याच्या पोटात बेसाल्ट शिरला आणि १५ जूनला तो फुटला. त्याचा रस रायोलाइटइतका सिलिकायुक्त नव्हता, पण लगदा जागा होण्याची रीत तीच.

आता उपमा तुटते, आणि तुटते तिथेच धोका आहे. पॅनमधलं पाणी वाफ करून ओढून घेतात. जमिनीखाली असा पंप नाही. बहुतेक स्फटिक पाणीही नाकारतात, म्हणून दाणा वाढत गेला की उरलेल्या रसात सिलिकेबरोबर पाणीही दाटतं, ५-६ टक्क्यांपर्यंत. खोलवरच्या दाबाने ते विरघळून राहतं; रस वर सरकला, दाब घटला, की बुडबुडे सुटतात. पातळ बेसाल्टातून ते निसटून जातात. या चिकट रसात अडकतात, फुगतात आणि सगळ्याचा भुगा करतात.

हा इतिहास स्फटिकांवर वलयांनी लिहिलेला असतो, झाडाच्या खोडासारखा. इंडोनेशियातला टोबा ७४,००० वर्षांपूर्वी फुटला आणि सुमारे २८०० घन किलोमीटर रस बाहेर आला. त्यातल्या खनिजांच्या वलयांत त्याआधीची लाखभर वर्षं नोंदलेली आहेत. उलट ग्रीसमधल्या सँटोरिनीच्या स्फटिकांवरची शेवटची वलयं सांगतात की नवा रस उद्रेकाआधीच्या शंभरेक वर्षांत, काही तर अखेरच्या महिन्यांत आला. पडून राहणं लाख वर्षांचं, उठणं एका माणसाच्या आयुष्याएवढं.

टोबाच्या राखेचा थर पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरीला आहे. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला, आणि भीमा आपल्या उजनीत येते. ती राख एका मित्राने काचपट्टीवर आणली होती. मामांना सूक्ष्मदर्शकातून दाखवली: वाकड्या, पारदर्शक कपच्या, फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंतींचे तुकडे. मामा बराच वेळ डोळा लावून बसले.

‘यात दाणा कुठाय रे?’

‘नाही मामा. हा नुसता पाक. दाणा बसायला वेळच मिळाला नाही.’