शिखर 'सर' झालं म्हणजे काय? गिर्यारोहकांच्या जाहीर कथनाची पार्श्वभूमी

काशीयात्रेहून परतलं की मावंदं घालायचं आणि आल्यागेल्याला वाटेतल्या हकिकती सांगायच्या, ही आपल्याकडची जुनी रीत. १८७५ पासून पुण्यात वसंत व्याख्यानमाला भरू लागली. १८९०च्या दशकात कल्याणच्या एका घरातून 'शांभरिक खरोलिके'चे, म्हणजे काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू झाले. ऐकण्याची हौस आणि अंधारात पडदा बघण्याची हौस गिर्यारोहकांनी एकत्र आणली, ती बऱ्याच उशिरा, स्लाइड फिल्म हाती आल्यावर.

मोहिमेवरून परतलेल्यांच्या कार्यक्रमाच्या पत्रकावर 'पारदर्शिकांसह व्याख्यान' असायचं, बोलताना सगळे स्लाइड शोच म्हणायचे. एका रोलमध्ये ३६ चित्रं, प्रोजेक्टरच्या गोल ट्रेमध्ये ८० खाचा. स्लाइड हीच मूळ प्रत, त्यामुळे दादरला दाखवलेला डबाच पुढे नाशिकला जायचा. पावसाळ्यात तिला बुरशी धरायची. एखादी उलटी बसली की कडा वरून खाली लोंबायचा. ती सरळ होईपर्यंत वक्त्याला काहीतरी बोलत राहावं लागे, आणि शोमधलं सर्वांत रंगतदार तेच असे. मोहिमेआधी वर्गणी मागायची आणि परतल्यावर शो करून त्याचा हिशेब द्यायचा, असा तो मामला. १९९८ मध्ये पहिल्या मराठी गिर्यारोहकाने एव्हरेस्ट गाठलं, तेव्हा हे वळण पक्कं झालेलं होतं. कोडाक्रोम ही नावाजलेली स्लाइड फिल्म धुणारी शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत २०१०च्या अखेरीस थांबली. तोवर आपल्याकडे लॅपटॉप आले होते.

या पत्रकांवरचा वादाचा शब्द आहे 'सर'. तो किल्ल्यांच्या लढाईतून आला. किल्ला सर झाला की त्यावर निशाण लागायचं, त्यात शंकेला जागा नसायची. डोंगराचं तसं नाही. कांचनजंगावर १९५५ मध्ये पहिली तुकडी सिक्कीमच्या राजाला दिलेल्या शब्दाखातर माथ्याच्या काही फूट खाली थांबली, आणि पुढच्या अनेकांनी तो संकेत पाळला. तरीही शिखर सर झालं असंच आपण म्हणतो, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. नेपाळमधल्या मनास्लू शिखरावर मात्र कित्येक जण अलीकडच्या उंचवट्यावरूनच वर्षानुवर्षं परतत होते. २०२१ मध्ये ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रात खरा माथा पुढे असल्याचं ढळढळीत दिसलं, आणि २०२२ पासून हिमालयातल्या चढायांच्या नोंदवहीत खऱ्या माथ्यावर पोचणाऱ्यांनाच स्थान मिळू लागलं. हौसेने मावंदं घालून झाल्यावर कळावं की गंगा आणखी पुढे होती, तसा हा प्रकार.

आपल्याला खरा चटका बसला तो २०१६ मध्ये. पुण्यातल्या एका पोलीस दांपत्याने एव्हरेस्टवर पोचल्याचा दावा केला. दुसऱ्याच गिर्यारोहकाच्या छायाचित्रांत फेरफार केल्याचं उघड झालं. नेपाळने दिलेली प्रमाणपत्रं रद्द केली, दोघांवर १० वर्षांची बंदी घातली; पुढच्या वर्षी त्यांची नोकरीही गेली. माथ्यावरचा फोटो हाच पुरावा, असं धरून चालणाऱ्या श्रोत्यांना हे जड गेलं. २०१२ मध्ये पुण्याच्या एकाच मोहिमेतले ८ जण एव्हरेस्टवर पोचले, २०१९ मध्ये १० जण कांचनजंगावर; अशा प्रामाणिक चढायांनाही या संशयाची झळ लागावी, हा अन्यायच. हल्ली प्रश्नोत्तरांत बूट कुठले होते, माथ्यावर किती मिनिटं थांबलात, सोबतचा शेर्पा कोण, असली विचारणा होते. पत्रकावर 'सर' अजून टिकून आहे. माइक हातात आल्यावर मात्र बरेच जण 'माथ्यावर पोचलो' एवढंच म्हणतात.