एकनळीचा छर्रा थांबतो कुठे?

सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर-यावल पट्ट्यात रानडुकरांचा कळप केळीच्या बागेत शिरला की रात्रीत खोडं आडवी होतात. म्हणून इकडच्या काही घरांत पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बंदूक असते, बहुधा बारा बोअरची. बंदूक शिकायची म्हणजे नेम शिकायचा, असं सगळे धरून चालतात. मला वाटतं, त्याआधी छर्रा कुठवर जातो ते शिकायला हवं.

बोअरचा आकडा जुन्या हिशेबातून आला आहे. नळीत नेमकी बसेल एवढी शिशाची गोळी ओतली आणि अशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड, म्हणजे 453 ग्रॅम, भरलं तर ती नळी बारा बोअरची. तिचा आतला व्यास साधारण 18.5 मिलिमीटर असतो.

काडतुसात मात्र एक गोळी नसते. सहा नंबरच्या काडतुसात अडीच मिलिमीटरच्या आसपासचे अडीचशेहून जास्त छर्रे असतात. नळीतून निघताना त्यांचा वेग सेकंदाला सुमारे 400 मीटर असतो, पण तो टिकत नाही. हवेचा अडथळा छर्‍याच्या क्षेत्रफळावर ठरतो आणि त्या अडथळ्याला न जुमानण्याची ताकद वजनावर. व्यास दुप्पट केला तर क्षेत्रफळ चौपट होतं, वजन मात्र आठपट. म्हणून बारीक छर्रा लवकर दमतो आणि जाड छर्रा लांब जातो. फ्रेंच सेनाधिकारी जुर्ने यांच्या नावाचा एक आडाखा आहे: छर्‍याचा व्यास इंचांत घेऊन त्याला 2200 ने गुणायचं, म्हणजे तो जास्तीत जास्त किती यार्ड जाईल ते कळतं. सहा नंबरचा छर्रा या हिशेबाने दोनशे मीटरच्या पुढेमागे खाली येतो. डुकरासाठी वापरतात त्या एलजीचा, म्हणजे जाड छर्‍यांच्या काडतुसाचा, दाणा नऊ मिलिमीटरचा असतो. तो सातशे मीटरपर्यंत जाऊ शकतो! बंदूक तीच, पण काडतूस बदललं की धोक्याचा घेर तिपटीहून मोठा होतो. सातशे मीटरांत शेजारचे किती मळे येतात आणि किती माणसं राखणीला झोपलेली असतात, ते ज्याने त्याने आपल्या शिवारात मोजून पाहावं.

आता नेमाकडे येऊ. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या 1991 च्या दुरुस्तीने हौसेची शिकार बंद झाली. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरावरही वनखात्याच्या परवानगीशिवाय बार टाकता येत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. शिकायचं ते नेमबाजीच्या रेंजवर, 110 मिलिमीटरच्या उडत्या तबकडीवर. तबकडी ताशी 60 किलोमीटर वेगाने तीस मीटरवरून आडवी जात असेल, तर छर्रे तिथे पोचायला सेकंदाचा जवळपास दहावा भाग लागतो. तेवढ्यात ती दीड मीटर पुढे सरकते. तिच्यावरच नेम धरला तर बार मागून जातो. नळी तबकडीबरोबर फिरवत तिच्या पुढे न्यायची आणि चाप ओढतानाही फिरवणं थांबवायचं नाही. एकनळीत दुसरा बार नसल्यामुळे ही सवय लवकर लागते.

धक्क्याचंही असंच. एकनळी वजनाला हलकी, त्यामुळे ती जास्त वेगाने मागे येते. दस्ता खांद्याला घट्ट टेकवला की आपल्या अंगाचं वजन बंदुकीच्या वजनात मिळतं आणि धक्का ढकलल्यासारखा लागतो. बोटभर फट राहिली तर तोच ठोसा बसतो.

परवानगी हातात असली तरी रात्री केळीच्या ओळीत जमिनीवरून समोर आडवी नळी धरून बार टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. विजेरीच्या उजेडात जनावराचे डोळे चमकतात, त्यामागे काय आहे ते दिसत नाही आणि केळीची पानं काही छर्रा अडवत नाहीत. मचाण तीन मीटर उंच असेल आणि डुक्कर वीस मीटरवर, तर नळी जमिनीकडे झुकते आणि चुकलेला दाणा तापीकाठच्या काळ्या मातीत रुततो. बांधावर दगड असतील तर मात्र तो उसळून भलतीकडे जातो. तेव्हा मचाणाची जागा दिवसाउजेडी, समोरची जमीन पायाखाली घालूनच ठरवावी.