रामोन बेरेंगेर, पहिला
(सु. १०२३ – मे १०७६). बार्सिलोनाचा काउंट (१०३५–७६). ‘एल वेल’ म्हणजे ‘वृद्ध’ या उपनामाने तो ओळखला जातो. वडील बेरेंगेर रामोन पहिला १०३५ मध्ये वारले, तेव्हा तो लहान होता. मृत्युपत्रानुसार राज्य मुलांत वाटले गेले आणि कारभाराची सूत्रे आजी एर्मेसिंदे हिच्या हाती राहिली. सत्तेवरून आजी-नातवाचे दीर्घकाळ बिनसले होते. अखेर १०५७ मध्ये मोबदला घेऊन तिने आपले हक्क सोडले. पेनेदेस भागातील मीर जेरिबेर्त या बलाढ्य सरदाराचे बंड मोडायलाही १०५० च्या दशकाची अखेर उजाडली.

दुसरी पत्नी ब्लांका हयात असताना त्याने तुलूझच्या काउंटची पत्नी आल्मोदिस हिच्याशी १०५२ च्या सुमारास विवाह केला. त्यापायी पोपने दोघांना बहिष्कृत केले. आल्मोदिस मात्र राज्यकारभारात बरोबरीने वावरली व अनेक करारपत्रांत पतीच्या जोडीने तिचे नाव येते. १०७१ मध्ये सावत्र मुलगा पेरे रामोन याने तिचा खून केला. बार्सिलोनाच्या ‘उसात्जेस’ या कायदेसंहितेचे जनकत्व परंपरेने या दांपत्याकडे जाते. संहितेचे आजचे रूप बाराव्या शतकाच्या मध्यास सिद्ध झाले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. काही जुनी कलमे मात्र त्याच्या दरबारातील असू शकतील.

नाणी : कॉर्दोबाची खिलाफत (स्पेनमधील मध्यवर्ती मुस्लिम सत्ता) कोसळल्यावर लेरिदा, सारागोसा, तोर्तोसा इ. मुस्लिम राज्ये ख्रिस्ती सत्ताधीशांना शांततेच्या मोबदल्यात ‘पारिआस’ ही खंडणी देऊ लागली. सोन्याचा हा ओघ बार्सिलोनात आला आणि त्यावर किल्ले, निष्ठा व पिरेनीजपलीकडील कार्कासोन आणि राझेस येथील हक्क विकत घेतले गेले. काउंटच्या सत्तेचा पाया तलवारीपेक्षा या रोकडीवर उभा होता, आणि तिची साक्ष त्याची नाणीच देतात. दैनंदिन व्यवहारात कॅरोलिंजियन (शार्लमेनच्या घराण्याच्या) परंपरेतील चांदीचा दिनार (२४० दिनारांचा एक पौंड) चालत असे; तो सोन्याच्या अरबी दीनाराहून वेगळा. त्याविषयी येथे अधिक विस्ताराची गरज नाही.

‘मांकूस’ हे सोन्याचे नाणे अरबी दीनाराची नक्कल होते. वडिलांच्या काळातच, बहुधा १०२० च्या आगेमागे, बोन्नोम नावाच्या ज्यू टांकसाळकाराने बार्सिलोनात असे मांकूस पाडले. त्यांचा नमुना उत्तर आफ्रिकेतील सेउता येथील, हम्मूदी या मुस्लिम घराण्यातील खलीफा याह्या अल्-मुअताली याच्या दीनाराचा. अरबी मजकूर तसाच ठेवून त्यात लॅटिन लिपीत ‘BONNOM’ ही अक्षरे बसविली. समकालीन कागदपत्रांत सोन्याची रक्कम ‘बोन्नोमच्या हातची’ अशी नोंदलेली आढळते, म्हणजे टांकसाळकाराचे नाव हीच कसाची हमी होती. पुढे एनेआस या दुसऱ्या ज्यू टांकसाळकाराचेही नाव येते. काउंटचे नाव नसल्याने ही नाणी खाजगी की काउंटच्या परवानगीने पाडलेली, याबद्दल मतभेद आहेत. शहरावरील काउंटचे वर्चस्व पाहता परवानगीचा पक्ष बळकट वाटतो. नक्की कोणत्या वर्षी आरंभ झाला हे मात्र मोघमच सांगावे लागते.

रामोन बेरेंगेरने पुढचे पाऊल टाकले. त्याच्या द्विभाषिक मांकूसवर हम्मूदी धाटणीचा अरबी मजकूर आणि त्याभोवती ‘RAIMVNDVS COMES’ (रामोन काउंट) हा लॅटिन लेख आहे. ज्याच्या दीनाराचा साचा घेतला तो याह्या १०३५ मध्येच मारला गेला होता, तरी बाजाराच्या ओळखीचे रूप बदलणे परवडणारे नव्हते. ठसे कोरणाऱ्यांना अरबी येत असेल असे दिसत नाही: नव्या नाण्यांवरील अक्षरे क्रमाक्रमाने विस्कटून निव्वळ रेघोट्या होतात. नाणकशास्त्रज्ञांना याचा उपयोग असा, की अक्षरे जितकी बिघडलेली तितके नाणे उशिराचे, असा ढोबळ क्रम लावता येतो. तो पुराव्याअभावी पक्का मानू नये. अरबी लेखासह ख्रिस्ती राजाचे नाव मिरविणारे कास्तीलच्या आठव्या आल्फोन्सोचे सोन्याचे नाणे याच्या सुमारे शतकभरानंतरचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे बार्सिलोनाच्या प्रयोगाचे मोल कळते.

चांगल्या मांकूसचे वजन साधारण चार ग्रॅमच्या आत-बाहेर, आणि हिशेबात सात मांकूसचा एक औंस धरीत. काउंटच्या नावाची नाणी याहून हलकी असतात. ही घट खंडणी आटल्याची खूण की टांकसाळीच्या नफ्याची, याचा निवाडा केवळ वजनांवरून होत नाही. कागदपत्रांत भारी मुस्लिम नाणी आणि बार्सिलोनाची नाणी वेगळी मोजलेली दिसतात, यावरून देणेकऱ्यांना फरक पुरता ठाऊक होता.

काउंटच्या मृत्यूनंतर जुळ्या मुलांनी सत्ता एकत्र चालवावी अशी व्यवस्था होती. त्यांपैकी रामोन बेरेंगेर दुसरा १०८२ मध्ये मारला गेला व संशय भावावर आला. १०८६ नंतर अल्मोराविदांनी (उत्तर आफ्रिकेतील मुस्लिम राजवंशाने) स्पेनमधील मुस्लिम राज्ये गिळंकृत केली तशी पारिआस बंद पडत गेली व मांकूसचे पाडणेही मंदावले. पुढे बार्सिलोनावरही सत्ता असलेल्या आरागॉनच्या राजांचे सोन्याचे नियमित नाणे, फ्लोरिन, १३४६ मध्ये पेर्पिन्यां येथे पाडले जाऊ लागले.